वेणीमाधवरावांची मिशी

मंगला गौरी, काशी
मार्च १९९७

ती. सौ. ताईस रत्नाकरचा वाकून नमस्कार.

पत्रावर ‘श्री’ घातलेलं नाही, ते विसरून नव्हे. लीलाचा कुशल गेल्यापासून हात होत नाही. भावोजींचा गुडघा कसा आहे? इंदूरची थंडी सरली असेल. इथे आपली धाकटी बहीण जेवते, झोपते, पण कुशलच्या उशा (मान धरत नव्हता म्हणून आपण चहूबाजूंनी लावायचो त्या) अजून उन्हात घालते. मी काही बोलत नाही. मी बोललो की काय होतं ते पुढे येतंच आहे.

कुशल आठ वर्षांचा झाला तरी बसला नाही, बोलला नाही, दर थंडीत छाती भरायची. ह्या थंडीत मी, जन्मात चार वाक्यं सलग न बोललेला माणूस, लीलाच्या सासऱ्यांकडे, वेणीमाधवरावांकडे, जाऊन तासभर बोललो. म्हटलं, आमच्याकडे असं कधी नव्हतं, तेव्हा अतृप्त पितर तुमच्याकडचा असणार. पिशाचमोचन कुंडावर त्रिपिंडी करा. (बी.एस्सी. झालेला माणूस मी.) वेणीमाधवरावांनी मुकाट्याने केली, आणि त्या श्राद्धासाठी मिशी उतरवली. ती मिशी पार दशाश्वमेधपर्यंत लोक ओळखत. आता नेहमीचा भाजीवाला विचारतो, ‘नए आए हैं क्या, बाबूजी?’

कुशलचं रक्त तपासणीला मुंबईला गेलं होतं, त्याचा निकाल तो गेल्यावर आला. इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी मला बोलावून समजावलं. एक्स नावाच्या गुणसूत्राचा एक तुकडा त्याच्यात दोनदा आला होता. बाईकडे अशी गुणसूत्रं दोन असतात, एकावरचा जादा भार दुसरं सांभाळून घेतं. तिला पत्ताही लागत नाही. मुलाकडे एकच. त्याला सांभाळून घेणारं कोणी नाही. लीलाच्या रक्तातही तो तुकडा निघाला आहे.

मग बाईंनी कागद घेतला. आईकडची सगळी माणसं सांगा, एकही नाव सुटता कामा नये. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. मी एकही सुटू दिलं नाही. मावश्यांची माहेरची नावं सांगितली, सासरचीही सांगितली. तुझंही कुमुद आणि शरदिनी, दोन्ही. कागद वर्तुळांनी भरला. बाईंनी विचारलं, कुमुदजी कुठे असतात? इंदूरला. शरदिनीजी? इंदूरलाच, एकाच घरात. दोघींचे यजमान काय करतात? मी म्हटलं, यजमान एकच आहेत. बाईंनी पेन खाली ठेवलं. लग्नात नाव बदलण्याची आपली रीत सांगेपर्यंत भावोजींची अब्रू काशीत गेली होती, त्याची क्षमा असावी.

जादा वर्तुळं खोडल्यावर दोन चौकोन स्पष्ट दिसू लागले. आपले दोन मामा, मान न धरताच गेलेले, ज्यांना दृष्ट लागली असं आजी म्हणायची. ते मला ठाऊक होते, ताई. वेणीमाधवरावांपुढे तासभर बोलताना ते एकदाही आठवले नाहीत.

त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन सगळं सांगितलं. ते बराच वेळ वरच्या ओठावरून बोट फिरवत बसले. मग म्हणाले, “मिशी येईल हो, रत्नाकरराव. पण ह्यावरून सूनबाईला कोणी एक शब्द बोललं, तर त्याची मी उतरवीन.”

वडीलमाणसांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

तुझा,
रत्नाकर

ता.क. – तुझ्या ऋताचं लग्न आत्ताच झालंय, म्हणून मुख्य गोष्ट वर लिहायला धजलो नाही. तो तुकडा तुझ्यात असेलच असं नाही, निम्मी शक्यता. आधी तुझं रक्त तपासून घे. तुझ्यात नसेल तर ऋताला ह्याची काळजी नाही. असेल तर मूल होण्याआधी तिचंही तपासायला हवं. कुशलचे हाल तू पाहिले आहेस.

ता.क. २ – ऋताच्या सासरी कोणी विचारलंच, तर हे तिच्या मामाकडून, म्हणजे माझ्याकडून, आलं म्हणून सांग. शास्त्राला धरून नाही, पण उतरवायला मला मिशी आहे.