नसाबाआधी उठलेला हात

कारागृह, यवतमाळ
४ नोव्हेंबर २०२४

चि. वर्षास,
दादाचा जय सेवालाल आणि पुष्कळ आशीर्वाद, वि. वि.

मी मजेत. इथली डाळ पातळ आहे, पण तुझ्या हातच्यापेक्षा बरी! त्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तू आपली बंजाऱ्यांची गोरबोली टाइप करायची सोय केलीस, आणि आर्णीच्या रजतने खाली लिहिलं की चोरांच्या जातीने हेही चोरलंच असेल. फोनवर तू रडलीस आणि माझं डोकं फिरलं. नाव तू सांगितलंस, त्याचं दुकान मी शोधलं. त्याला बाहेर ओढून ट्रॅक्टरच्या पान्याने उजवा हात ठेचला. हाडं फुटल्याचा आवाज आला तरी थांबलो नाही. काहून मारून राह्यला म्हणून तो पाया पडत होता. आता तुझ्या वाटेला कोणी जाणार नाही.

माया असू दे.
तुझा, प्रेमदादा

नागपूर
१३ नोव्हेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवण्याइतका तू धड आहेस हे वाचून जीव भांड्यात पडला, आणि मग असा संताप आला की पत्र फाडणारच होते. दादा, तू माझंच वाटोळं केलंस. मी रजतची तक्रार दिली होती. या सॉफ्टवेअरवाल्या लोकांचीही आचारसंहिता आहे. जातीवरून कुणी हिणवलं की समिती बसते आणि त्याला बाहेर काढते. परदेशी मंडळींना जात कळत नव्हती, तो शब्द त्यांच्या नियमांत मीच भांडून घालायला लावला. बापू तांड्याच्या पंचायतीत, नसाबात, न्याय करतात, तिथला नियमही मीच दिला: पंच बसण्याआधी ज्याच्या घरचा हात उठला, त्याची फिर्याद ऐकायची नाही. त्याच नियमाने माझी तक्रार बंद झाली. रजत प्लॅस्टरचा फोटो टाकून बिचारा झाला, आणि समितीने माझं गोरबोलीचं काम काढून टाकलं. तू तांड्याच्या नायकाचा मुलगा, तुला हा नियम माहीत नव्हता?

रागावले तरी तुझीच,
वर्षा

यवतमाळ
२५ नोव्हेंबर

चि. वर्षास आशीर्वाद.

नियम माहीत होता. पण तोंड न दिसणाऱ्या माणसांचाही नसाब असतो, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही. दुकानातलं कुणी साक्ष देणार नाही, तू गप्प बस, असं वकील म्हणत होता. मी न्यायाधीशांना सांगून टाकलं की मीच मारलं, वर्षाने मार म्हटलं नव्हतं. जबाबाची नक्कल बापू पाठवतील, ती समितीला दे; हात उठवणाऱ्याने स्वतः कबूल केलं की नसाबातही फिर्याद पुन्हा ऐकतात. हात मोडल्याचं वाईट मला अजून वाटत नाही, खोटं कशाला लिहू.

लोभ कमी करू नकोस.
प्रेमदादा

नागपूर
१९ डिसेंबर

ती. दादास सा. न.

जबाब वाचून समितीने तक्रार पुन्हा घेतली. मी स्वतः बोलले. रजतला काढलं, माझं काम परत घेतलं. याडीला कळवलं, आईच ती, तुझ्यासाठी रडली.

त्याच संध्याकाळी रजतने चोरांच्या जातीचं तेच वाक्य मला पुन्हा पाठवलं. खाली लिहिलं होतं, डाव्या हाताने टाइप केलंय. दादा, तू बाहेर असतास, तर त्याच्या घराचा पत्ता मी स्वतः तुला दिला असता.

लोभ आहेच, तो राहू दे.
तुझी वर्षा