रजिस्टरातला बाप

मी, तेजराम वल्द मारोतराव हटवार, वय अंदाजे बावन्न, धंदा पोलाद कारखान्यात रिगर, म्हणजे रस्सा लावून अवजड लोखंड चढवणारा, मूळ राहणार साकोलीकडचा, हल्ली मुक्काम भिलाई, जिल्हा दुर्ग, आज मरोद्याच्या घरी खाटेवर बसून हे मृत्युपत्र लिहवून घेतो. डोके ठिकाणावर आहे. दारू प्यालेलो नाही. कोणी धमकावलेले नाही. धमकावणारा माझा मुलगाच आहे आणि तो सध्या ड्युटीवर आहे. खोकल्यातून रक्त पडते. दिवाळी पाहीन का विचारले की डॉक्टर खिडकीबाहेर पाहतो, म्हणून ही घाई.

उजव्या हाताची तीन बोटे तारेच्या रस्स्यात गेली, त्यामुळे मला लिहिता येत नाही. लिहून राहिली रुक्मा, वय सतरा, यंदाच मॅट्रिक पास झाली. ही माझा मित्र चिंधू कापगते याची मुलगी. शाळेच्या रजिस्टरात मात्र माझी मुलगी. तिला सांगितले आहे, बाई, भाषा सुधारायची तर सुधार, गोष्ट सुधारू नको.

कलम एक. मरोद्याचे हे घर, दोन खोल्या, वर कवेलूचे छप्पर, मागे विहीर आणि एक सीताफळाचे झाड, माझ्या मेहनतीचे आहे. ते मी रुक्माला देतो. चिंधू मेल्यापासून ती आणि तिची आई ठकूबाई इथेच माझ्याकडे आहेत, ठकूबाई मरेपर्यंत इथेच राहील. माझा मुलगा आनंदराव याचा या घराशी संबंध नाही. तो कोर्टात म्हणेल की रुक्मा माझी कोणी नाही. तेव्हा शाळेचा दाखला दाखवावा, त्यावर बाप म्हणून माझे नाव आणि माझी सही आहे.

कलम दोन. ती सही कशी झाली ते लिहून ठेवतो, नाहीतर लोक भलतेसलते बोलतील. सत्तावन्न साली मी आणि चिंधू एकाच गाडीने दुर्गला उतरलो. तेव्हा इथे धानाची बांधी, म्हणजे भातखाचरे होती आणि त्यात कारखान्याच्या खुंट्या ठोकलेल्या. मी चौथी शिकलेला, फॉर्म भरता आला, म्हणून नोकरीत कायम झालो. चिंधू माझ्यापेक्षा दुप्पट ताकदीचा आणि दुप्पट अक्कलवान, पण अंगठाबहाद्दर. तो ठेकेदाराकडे राहिला. दोघे एकाच भट्टीच्या उभारणीवर, एकच रस्सा ओढणारे. त्या चार बुकांनी मला क्वार्टर दिले आणि त्याला नाल्याकाठची ताडपत्री.

टाउनशिपच्या शाळेत कायम माणसाचीच मुले घेत. म्हणून आमच्याकडच्या लोकांत एक रीत पडली होती. ठेकेदारीवाल्याचे पोर हुशार निघाले की कायम माणसाने ते आपल्या नावावर घालायचे. कोणी बोभाटा करत नसे. तशी मी रुक्मा घातली. ती मला शाळेत बाबा म्हणे आणि फाटकाबाहेर आली की काका. पाचवीत तिला बक्षीस मिळाले, तेव्हा मी साहेबांच्या मागच्या खुर्चीवर बसलो आणि चिंधू तारेच्या कुंपणाबाहेर उभा राहून टाळ्या वाजवत होता. आत ये म्हणालो, तर म्हणे, नको, कोणी ओळखलं तर पोरीचं नुकसान होईन.

कलम तीन. फंडाचे जे येईल ते आनंदरावचे. तो माझे पाप आहे, त्याचा खर्च मीच दिला पाहिजे. आमचे युनियनचे लीडर भाऊराव यांच्या शब्दावर मी त्याला सातवीतून काढला. भाऊराव बी. ए. एलएल. बी., कडक इस्त्रीचा माणूस, बोलू लागला की आम्ही चहा विसरत असू. मजुराच्या पोराने शिकून साहेबांचा गुलाम व्हायचे की झेंडा धरायचा, असे त्याने मैदानात विचारले. मी मुलाला झेंडा दिला. झेंड्याची काठी पुढे लाठी झाली. पंधराव्या वर्षी त्याने कुम्हारीच्या एका सायकलवाल्याचे दात पाडले आणि घरी येऊन ते हसत हसत सांगितले. मीही हसलो. भाऊरावची मुले त्याच साली डब्बा घेऊन इंग्रजी शाळेत जात होती. पुढे त्याने सेक्टर 10 मध्ये साहेबांच्या शेजारी बिऱ्हाड केले, म्हणे मजुरांचे प्रश्न तिथून लवकर सुटतात.

माझा घन, दोन सब्बल आणि पान्यांची पेटी मात्र आनंदरावला देऊ नये. कोणा नव्या रिगरला द्यावी, जो या हत्यारांनी लोखंडच ठोकेल.

भाऊरावसोबत हार घातलेला माझा फोटो चुलीत घालावा. काच काढून घ्यावी, काच चांगली आहे.

कलम चार. यापुढचा मजकूर मी मेल्यावर तेराव्या दिवशी उघडावा. तोवर रुक्माने तो पाकिटात बंद ठेवावा. तिलाच लिहायला का बसवले, तर दुसऱ्याच्या हातून गोष्ट बाहेर गेली असती, आणि तिच्या तोंडावर सांगायची हिंमत माझ्यात नाही. लिहिताना ती कागदाकडे पाहील, माझ्याकडे नाही, असे वाटले.

कलम पाच. पासष्ट साली मार्च महिन्यात ठेकेदारीचे लोक कायम करा म्हणून गेटवर बसले. चिंधू पुढे होता. भाऊरावने आम्हाला मैदानात बोलावून सांगितले, हे आज आत आले तर उद्या तुम्ही बाहेर. पाईप आणि सळया आधीच कुंपणाशी टाकलेल्या होत्या. पहिली काठी उठण्याआधी त्याची जीप निघून गेली. मग आम्ही तुटून पडलो. काल ज्यांच्यासोबत बिडी ओढली त्यांना मारले. एकाचा कान लोंबला. एका बाईला केस धरून नाल्यापर्यंत ओढली. आनंदराव पडलेल्या माणसांच्या पोटावर बुटाने नाचत होता. मला त्या वेळी भीती नव्हती आणि लाजही नव्हती. खरे सांगतो, बरे वाटत होते.

मी चिंधूसमोर आलो. त्याच्या हातात काही नव्हते. तो सगळ्यांपुढे ओरडला, "तेजराम, माही पोरगी तुह्या नावानं शिकून राहिली अन् तू मलेच आत येऊ देत नाही?"

रजिस्टरातला खोटेपणा साहेबांपर्यंत गेला असता तर नोकरी आणि क्वार्टर दोन्ही जाणार होते. मला एवढेच सुचले की याचे तोंड बंद झाले पाहिजे. मी त्याला ओळखून मारले. पहिला पाईप खांद्यावर बसला. तो खाली बसला, तरी बोलतच होता. दुसरा कानामागे मारला. मग त्याचे बोलणे थांबले.

देवीदास म्हणून त्यांच्या टोळीतला एक होता. त्याने चिंधूचे डोके मांडीवर घेतले आणि माझ्या हातातून पडलेला पाईप उचलला. पोलीस आले तेव्हा पाईप त्याच्या हातात होता आणि सदरा रक्ताने भिजलेला. भाऊराव संध्याकाळी घरी आला आणि म्हणाला, आपल्या कायम माणसाचे नाव यात येणार नाही. देवीदासचा जबाब कोणीतरी लिहिला. त्याला वाचता येत नव्हते, त्याने अंगठा दिला. दारूवरून भांडण झाले असे त्यात होते. मी कोर्टात शपथेवर सांगितले की देवीदासला मारताना या डोळ्यांनी पाहिले. साक्ष भाऊरावने माझ्याकडून घोकून घेतली होती, पाढे घोकतात तशी. देवीदासला जन्मठेप झाली. तीन वर्षे होऊन राहिली, तो आत आहे.

येथे लिहिणारीने लेखणी खाली ठेवली.

पुढचे काही वेळाने लिहिले आहे. ठकूबाई आत तांदूळ निवडत होती, तिने सगळे ऐकले. तीन वर्षे तिने याच खाटेवर मला चहा दिला आहे. तिने सूप बाजूला ठेवले, बाहेर आली, पायातली चप्पल काढली आणि माझ्या तोंडावर मारली. एकदा नाही, दम लागेपर्यंत. ओठ फुटला आहे. खाली कागदावर डाग दिसेल तो खोकल्याचा नाही. हे मी स्वतः सांगून लिहवले, म्हणजे उद्या कोणी त्या बाईवर दुसरा आळ घेऊ नये.

रुक्मा विहिरीवर जाऊन तोंड धुऊन आली. मला वाटले कागद फाडेल. तिने दौत जवळ ओढली आणि कलम चार पुन्हा वाचले. मग मला विचारले, "काका, देवीदासनं तुमच्या मरणाची वाट पाहाची का?"

मी म्हणालो, दिवाळीपर्यंतच तर आहे. त्यावर तिने लेखणी दौतीत बुडवली आणि माझ्याकडे पाहत राहिली. त्या पाहण्यापुढे माझे बावन्न वर्षांचे शहाणपण टिकले नाही. शेवटचा डाव म्हणून मी सांगितले की हे आज बाहेर पडले तर रजिस्टरही बाहेर पडेल, तिचा दाखला खोटा ठरेल आणि मास्तरणीच्या ट्रेनिंगला मिळालेली जागा जाईल.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "देवीदासले वाचता आलं असतं तर त्यानं अंगठा दिला नसता. मले वाचता येते. मी कावून चूप राहू?"

कलम सहा. म्हणून कलम चार रद्द. पाकीट नको. हा कागद आज भर दुपारी, दोन्ही साक्षीदारांना रुक्माने मोठ्याने वाचून दाखवला. त्यातला शामराव त्या मारामारीच्या दिवशी गेटवर माझ्या डाव्या बाजूला होता. सही करायला त्याने फार वेळ घेतला, पण केली. कलम एक कायम आहे. त्यात शाळेच्या दाखल्याचा आधार लिहिला आहे तो काढावा. घर रुक्माला द्यायचे ते नात्याने नव्हे. ती घेईल की नाही हे तिने अजून सांगितलेले नाही आणि मी विचारले नाही.

रिक्षा बोलावली आहे. दुर्गला जायचे, पोलीस ठाण्यात हा कागद द्यायचा. रुक्मा सोबत येते, कारण तिथे पुन्हा कोणी वेगळेच लिहून माझी सही घेईल, असा तिचा हिशेब आहे. माझा मुलगा किंवा भाऊरावची माणसे वाटेत अडवतील तर या कागदाची एक नक्कल ठकूबाईजवळ आहे.

मजकूर वाचून दाखवला, ऐकला, बरोबर आहे.

मुक्काम मरोदा, भिलाई. तारीख 12 जून 1968.

सही, डाव्या हाताची: तेजराम मारोतराव हटवार

साक्षीदार: 1. शामराव, रिगर. 2. ओमप्रकाश, किराणा दुकानदार, मरोदा.

लिहिणार: रुक्मा चिंधू कापगते