मूळ मजकुरात नाही

पिपलानी, भोपाळ
गुरुवार, १६ फेब्रुवारी १९७८

प्रिय दिगंबर यास,
नीळकंठाचा सप्रेम नमस्कार.

पत्र हातात आलं की आधी उलटून खालची सही बघायची तुझी जुनी खोड, म्हणून नाव वरच लिहून टाकलं. फाडायचं असेल तर इथेच फाड. फाडणार नसलास तर मात्र शेवटपर्यंत वाच.

इकडे सर्व ठीक आहे. थंडी सरत आली. निर्मलेचे गुडघे बरे आहेत. शोभा यंदा अकरावीला बसते आहे आणि दिवसभर पुस्तक उघडं ठेवून खिडकीबाहेर बघते. मी कारखान्याच्या मासिकाचं तेच जुनं काम करतो. निवृत्तांचे फोटो छापतो, टर्बाईनवर कविता आल्या तर त्या दुरुस्त करतो. तू असतास तर म्हणाला असतास, "पुणेकर, टर्बाईन को तो बख़्श दो!"

तुझी बोटं आता कितपत वळतात? वसुधावहिनी शाळेत जातात ना अजून? स्कूटर भंगारात दिलीस असं कळलं. बरं केलंस. स्कूटरचं पुढे लिहितो.

एकाच गावात राहून पत्र कशाला, असं तुला वाटेल. कोटऱ्याला तुझ्या घरापर्यंत मी दोनदा आलो होतो. एकदा तुझ्या दाराबाहेर वाळत घातलेला पांढरा पायजमा दिसला आणि परत फिरलो. दुसऱ्यांदा तू स्वतःच दारात बसला होतास, डाव्या हातानं पेपर धरून. मी रस्त्याच्या पलीकडे होतो, तुला दिसलो नाही. कदाचित दिसलोही असेन.

परवा वसुधावहिनी निर्मलेला सिटी बसमध्ये भेटल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "सत्तावीस तारखेला आणीबाणीच्या चौकशीसमोर भावजी काय सांगणार आहेत, ते एकदा विचारा." आणि पुढच्या स्टॉपला उतरल्या. त्यांचा स्टॉप तो नव्हता. निर्मलेनं घरी येऊन मला विचारलं, "तुमचा काय संबंध चौकशीशी?" मी म्हटलं, कचेरीचं काम असेल. सतरा महिने मी असंच काहीतरी म्हणत आलो.

दिगू, तुला आपले रविवार आठवतात? टेलिप्रिंटरवर आलेली एखादी इंग्रजी बातमी तू खिशातून आणायचास. तू हिंदी करायचास, मी मराठी. मग कागदांची अदलाबदल. दुसऱ्यानं पदरचं काही घातलं असेल तर त्याखाली लाल रेघ आणि समासात तीन शब्द: 'मूळ मजकुरात नाही'. ज्याच्या समासात ते जास्त, त्यानं जिलबी आणायची. बहुतेक वेळा तूच आणायचास. मी कधी एक शब्द वाढवला नाही, आणि या गोष्टीचा मला केवढा अभिमान होता!

त्या तीन शब्दांनीच सगळं केलं. पण हेही अर्धवट झालं. शब्द आपोआप उमटत नाहीत.

आणीबाणीत कारखान्यानं मला सहा महिन्यांसाठी तुमच्या पेपरच्या तपासणीवर, सरकारी सेन्सॉर म्हणून पाठवलं, तेव्हा तू हसला होतास. "बाहेरून कसाई येण्यापेक्षा घरातला न्हावी बरा." रोज पाचला मी तुमच्या कचेरीत येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचो. हातात लाल पेन्सिल, समोर शिक्का. तुझं परदेशी पान सगळ्यात सोपं. कुठे लष्करानं रेडिओ स्टेशन घेतलं, कुठे भिंतीशी उभे करून बारा जणांना गोळ्या घातल्या, कुठे एका संपादकाचं प्रेत नदीत सापडलं, त्याचे हात तारेनं बांधलेले. मी चहा पीत वाचायचो आणि 'पास' मारायचो. परदेशातलं रक्त चालत असे. आपल्या कारखान्याच्या फाटकाबाहेर कुणाचं नाक फुटलं तरी ती ओळ खोडायची असा हुकूम होता.

आणि श्यामलालचं तर नाकावर भागलं नव्हतं. फिटर माणूस, फाटकावर चार पत्रकं वाटली एवढाच गुन्हा. ठाण्यात त्याला खुर्चीवर बसवून तळपायांवर सायकलच्या टायरचा पट्टा मारला, आणि फटके त्यालाच मोजायला लावले. आकडा चुकला की पुन्हा एकपासून. तिसाच्या पुढे त्याला कधी जाता आलं नाही. पाय सडले. तू त्याला दवाखान्यात भेटून आलास तेव्हा आमच्या ओट्यावर बसून नुसता आपल्या चपलांकडे बघत होतास. आठव्या दिवशी तो गेला. त्याची बातमी कुठेच आली नाही. येणार नव्हतीच, कारण खोडणारा मी होतो.

मग सप्टेंबरातला तो बुधवार. दक्षिण अमेरिकेतल्या कुठल्याशा देशातली तार होती. एका पत्रकाराला पोलिसांनी मारून टाकलं, एवढंच इंग्रजीत होतं. तुझ्या हिंदीत तीन वाक्यं जास्त होती. खुर्ची. टायरचा पट्टा. चुकला की एकपासून.

मी ते वाचलं, मग पुन्हा वाचलं. दिगू, ती तीन वाक्यं फार चांगली लिहिली होतीस. सबंध पिपलानीनं दुसऱ्या दिवशी ती वाचून ओळखलं असतं की हे कुणाचे पाय आहेत.

मला ती नुसती खोडता आली असती. खोडलेल्या ओळी रोज असायच्या, त्या कुणाच्या, का, कुणी विचारत नसे. किंवा डोळे मिटून शिक्का मारता आला असता. मी दोन्ही केलं नाही. वाक्यांखाली रेघ ओढली आणि समासात लिहिलं, 'मूळ मजकुरात नाही'.

सवयीनं हात चालला, असं मी सतरा महिने स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. लाल शेरा असलेला कागद रात्रीच्या आत वरच्या साहेबाकडे जातो हे मला ठाऊक होतं. मला तुझा राग आला होता. तू मला काही न सांगता, न विचारता ती वाक्यं घुसडलीस. नीळकंठ सोडून देईल, हे धरून चाललास. आणि दुसरं, ते जास्त खरं आहे: तुला पकडल्याचा आनंद झाला. या वेळी जिलबी पुन्हा तुझ्याकडे. बघ, माझी अक्कल किती!

दुसऱ्या दिवशी दुपारी मला ठाण्यावर न्यायला कारखान्याच्या कचेरीबाहेर जीप उभी राहिली. इन्स्पेक्टरला म्हणे मजकूर समजून घ्यायचा होता. त्या ठाण्याचं नाव मी इथे लिहीत नाही, चौकशीसाठीच्या निवेदनात लिहिलं आहे. तू बाकावर होतास. माझ्याकडे बघून हसलास. तुला वाटलं, मी तुला सोडवायला आलो.

"ये तीन लाइनें अंग्रेज़ी में नहीं थीं?"

"नहीं थीं," मी म्हणालो. एका वाक्यात तुझं हसणं गेलं.

पुढचं तुलाही माहीत आहे, तरी लिहितो, कारण ते माझ्या हातानं लिहिलेलं असायला हवं. तुला खुर्चीवर बसवलं. पाय बाकावर बांधले. पट्टा तोच होता की दुसरा, देव जाणे. इन्स्पेक्टरनं सिगारेट पेटवली आणि मला म्हणाला, "गिनती आप कीजिए, बाबूजी. पढ़े-लिखे आदमी हैं, गलती नहीं होगी."

मी मोजले.

मोठ्यानं मोजले. शाळेत पाढे म्हणतात तसे. प्रत्येक आकड्याला तुझ्या तळव्यांचा आवाज, मग तुझ्या घशातला आवाज, मग माझा. अकराव्याला कातडं फाटलं. भिंतीवर शिंतोडे उडाले, थोडे माझ्या शर्टावर. सतराला माझा आवाज अडकला. तोंड उघडलं, आकडा येईना. आणि तू, मान मागे टाकलेली, ओठ चावून फुटलेले, तू मला म्हणालास, "अठरा, नीलू. पुढे अठरा."

तू मला प्रॉम्प्ट केलंस. इन्स्पेक्टर हसला. "गलती हो गई. एक से."

दुसऱ्या वेळी मी चुकलो नाही. एक ते तीस, न अडखळता. मग कुणीतरी विचारलं, लिहितो कुठल्या हातानं, आणि तुझा उजवा पंजा टेबलाच्या कडेवर ठेवून त्यावर दंडा मारला. दोन बोटांची हाडं मोडल्याचं मला ऐकू आलं. तुझी शुद्ध तेव्हा गेली, म्हणून यापुढचं तुला माहीत नाही.

यापुढचंच सांगायला बसलो आहे. सकाळपासून या ओळीपर्यंत येऊन तीनदा उठलो. एकदा पाणी प्यायलो, एकदा शोभेच्या खोलीचा पंखा नीट केला. तो बिघडलेला नव्हता.

चौकशीसमोर पोलिसांचं म्हणणं असं आहे की तू पिपलानीच्या वळणावर स्कूटरवरून घसरलास. पुरावा म्हणून स्कूटरच्या पंचनाम्यातलं वर्णन: पुढचं मडगार्ड चेपलेलं, दिवा फुटलेला, हँडल वाकडं. तुझ्या वकिलाला याचं उत्तर सापडत नाही, असं कानावर आलं. स्कूटर तर धडधाकट घेऊन निघालो होतो, असं तू सांगतोस आणि कुणी मानत नाही.

स्कूटर मी फोडली.

ती ठाण्याच्या आवारात उभी होती, तुला धरलं तशीच आणलेली. सहा वर्षं नंबर लावून मिळालेली तुझी आकाशी स्कूटर. शोभेला डिप्थेरिया झाला तेव्हा निर्मला तिला मांडीवर घेऊन याच स्कूटरवर तुझ्यामागे बसून दवाखान्यात गेली होती. इन्स्पेक्टरनं पहार माझ्या हातात दिली. "एक-दो निशान काफ़ी हैं. फिर दस्तख़त कर दीजिए." शिपाई मारू शकला असता. मीच मारावं अशी त्याची इच्छा होती, म्हणजे मग मी कुठे बोलणार नाही. हुशार माणूस.

एक मारला मडगार्डवर. दुसरा दिव्यावर. दोन झाले होते, दिगू. तिथे थांबायचं होतं.

मी थांबलो नाही. हँडलवर मारला, सीटवर मारला, बाजूचा पत्रा चेपला, आरसा उडाला तो पायानं चिरडला. मी ओरडत होतो. काय ओरडत होतो सांगू? "कुणी सांगितलं होतं लिहायला! कुणी सांगितलं होतं!" तुला मारता येत नव्हतं म्हणून तिला मारत होतो. तू लिहिलंस आणि मी नुसतं ताडून पाहिलं, हे मला त्या क्षणी सहन झालं नाही. तुला जे केलं ते त्यांनी केलं असं मी म्हणू शकतो. हे मात्र मी केलं. शेवटी शिपायानं माझा दंड धरला. "बस, बाबूजी. स्कूटर गिरी है, पहाड़ से नहीं कूदी."

मग हात रुमालाला पुसून मी पंचनाम्यावर सही केली. बाहेरच्या चहावाल्यालाही सही करायला लावली, त्याला वाचता येत नाही. घरी येऊन निर्मलेला सांगितलं, दिगूचा अपघात झाला. शर्टावरचे डाग प्रेसच्या लाल शाईचे म्हणालो. तिनं ते लिंबू लावून काढले.

आज सकाळी तिला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं तसंच हातात. मग म्हणाली, "शोभेला दवाखान्यात नेलेली स्कूटर?" मी हो म्हटलं. तिनं गॅस बंद केला. "सत्तावीसला हे सांगितलंत की क्वार्टर जाईल. खोकी लागतील. मी शेजारून आणते." माझ्याकडे बघितलं नाही, पण खोकी आणली. आता ती माळ्यावरची भांडी काढते आहे, तो आवाज ऐकत मी हे लिहितो आहे.

खोटी सही केल्याबद्दल खटला होईल, नोकरी तर जाईलच. हे तुला माझी कीव यावी म्हणून सांगत नाही. तू कीव करणाऱ्यातला नाहीस आणि मी त्या लायकीचा नाही. चौकशी अधिकाऱ्यांना निवेदन दुपारी रजिस्टर पोस्टानं पाठवलं. आधी ते पाठवलं, मग या पत्राचा शेवट लिहायला घेतला, कारण मी स्वतःला ओळखतो. आता मागे फिरता येणार नाही.

सोबत त्या निवेदनाची प्रत आहे. सात पानं, समास मोठा सोडला आहे. दिगू, मी आयुष्यभर मूळ मजकुराशी ताडून पाहत आलो. या वेळी मूळ मजकूर तुझ्या तळपायांवर आहे, माझ्याकडे नाही. तू ताडून बघ. मी काही सौम्य केलं असेल, काही गाळलं असेल, स्वतःला बरं दिसेल असं एखादं वाक्य पदरचं घातलं असेल, तर त्याखाली रेघ ओढ. डाव्या हातानं ओढलीस तरी चालेल. समासात काय लिहायचं ते तुला माहीत आहे.

सत्तावीसला सोमवारी अकरा वाजता मी तिथे असेन. माझ्याशी बोलू नकोस. फक्त मी साक्ष देताना सतरापाशी अडकलो, तर या वेळी सांगू नकोस. मला एकटं म्हणू दे.

वसुधावहिनींना नमस्कार लिहायचा धीर होत नाही.

'तुझा' लिहायचा हक्क राहिला नाही, म्हणून नुसता

नीळकंठ देव
पंच क्रमांक १