डबीतले दोन

भवानी पेठ, सोलापूर

प्रिय हाशम,

आई गेल्याचं तुला फोनवर कळलंच. पाय प्लास्टरमध्ये घेऊन टेंभुर्णीहून येणं शक्य नव्हतं, त्याचा राग नाही. राग वेगळ्याच गोष्टीचा आहे आणि तो अठ्ठावीस वर्षं उशिरा आलाय. आठ दिवस झाले, मी अजून सावरलेलो नाही. ऐंशीच्या पुढची म्हातारी झोपेत गेली, तर त्याला कुणी धक्का म्हणत नाही. धक्का बसला तो खड्ड्याच्या काठावर.

आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात आणि जन्मभर गळ्यातल्या डबीत वागवलेलं इष्टलिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. बाबांच्या वेळी तू पाहिलं आहेस. स्वामींनी आईची चांदीची डबी उघडली आणि ते तसेच थांबले. आत दोन लिंगं! दोन्ही काळी, सुपारीएवढी, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी. स्वामी म्हणाले, हे दुसरं कुणाचं? उत्तर दिलं शेजारच्या कमलम्मानं, तेही सगळ्यांदेखत. ह्येचंच की वो! कॉलेजात असताना ह्येनं तळ्यात टाकायला दिलतं, त्या हाशमनं सांजच्याला आणून सिद्धम्माच्या हातात ठिवलं. लई रडली बगा ती.

हाशम, लेका, 'मी देव तळ्यात फेकला' या एका वाक्यावर माझी आख्खी कारकीर्द उभी आहे. पंधरा व्याख्यानं, दोन पुस्तकं आणि दर रविवारचं सदर. त्यातलं अर्धं खोटं मलाही ठाऊक होतं. सिद्धेश्वर तळ्याच्या पायरीवर मला स्वतःला ते फेकवेना, म्हणून ते मी तुझ्याकडे दिलं होतं. पण 'डुबुक्' तर मी माझ्या कानांनी ऐकलं होतं! काय फेकलंस रे, खडा?

आता एकेक आठवतं आणि कानशिलं तापतात. त्याच वर्षी आईनं सराफाकडून डबी मोठी करून घेतली. मी लेख लिहिला, की सोलापुरात आता देवालाही टू-बीएचके लागतो. लोक हसले. आईनं कमलम्माकडून तो वाचून घेतला आणि तीही हसली. सकाळी तिची पूजा लांबायची, चहा थंड व्हायचा, मी करवादायचो. ती म्हणायची, दोगांचं असतंय बाबा, येळ लागतोय. मला वाटायचं, दुसरे म्हणजे बाबा. बाबांचं लिंग बाबांबरोबरच गेलं होतं, हे मला, एवढ्या हुशार माणसाला, एकदाही सुचलं नाही.

स्वामी म्हणाले, जित्या माणसाचं पुरता येत नाही, आईचं कुठलं ते सांगा. बघ आता. 'देव म्हणजे काय' असं कुणीही विचारलं की माझं उत्तर तयार असायचं : दगड, आणि तोही लेप लावलेला. त्या व्याख्येप्रमाणे कुठलाही दगड चालायला हवा होता. पाच मिनिटं मी दोन्ही तळहात पुढे करून उभा होतो आणि माझ्या व्याख्येत या दोन दगडांतला फरक सांगणारा एक शब्द सापडेना. शेवटी उजव्या हातातलं दिलं. का, ते विचारू नकोस.

उरलेलं माझ्याकडे आहे. कालच एका संपादकांचा फोन होता, विद्यार्थ्यांच्या कोशासाठी 'देव' या शब्दाची व्याख्या हवी आहे, एका ओळीत आणि जरा खमंग. मी फोन ठेवून दिला. रोज सकाळी हे तळहातावर घेऊन बसतो. पूजा नाही करत, उगाच गावभर सांगू नकोस. नुसता ओळखू पाहतो. अठ्ठावीस वर्षं जिनं माझं सांभाळलं, तिला मी तिचं न देताच पाठवलं का, एवढंच मला कळायला हवंय.

म्हणून हे पत्र. त्या संध्याकाळी पायरीपासून आईच्या हातापर्यंत ते तुझ्या मुठीत होतं. त्याला काही खूण होती का? कंगोरा, टवका, काहीही? प्लास्टर निघालं की ये आणि बघून सांग. आठवत नसेल, तर खोटं सांग, पण ठामपणे सांग. तुझी एक थाप मी अठ्ठावीस वर्षं खरी मानली, आणखी एक मानीन.

तुझाच, आणि अजून चिडलेला,
रेवण