निम्मी घरगाडी आणि इतर मिळकत

मी, श्रीमती मर्ना जॉय पेंगेली, वय शहात्तर, राहणार वॉलरू, साउथ ऑस्ट्रेलिया, शाळेच्या बसची निवृत्त चालक, हे लिहून ठेवते. माझे गुडघे कामातून गेले आहेत, डोकं गेलेलं नाही. कोणी धाक दाखवलेला नाही, कोणी पाजलेलीही नाही. आमचे वकील मिस्टर प्रायर म्हणाले की मृत्युपत्रात फक्त कोणाला काय ते लिहावं, का ते लिहू नये. पण 'का' कळल्याशिवाय माझी माणसं 'काय' मान्य करणार नाहीत, म्हणून दोन्ही लिहिते.

१. यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यातलं एक मी डल्सीवर चिडून केलं होतं. ते तर वाचूही नये.

२. माझे पती कै. क्लाइव्ह यांनी हौसेने घेतलेली घरगाडी, म्हणजे आत चूल, पलंग आणि संडास असलेला ट्रक, त्यांच्या मृत्युपत्राप्रमाणे दोघींची झाली: निम्मी माझी आणि निम्मी त्यांच्या पहिल्या बायकोची, डल्सीची. क्लाइव्हला जिवंतपणी आम्हा दोघींना एका टेबलाशी बसवायची छाती झाली नाही, म्हणून मेल्यावर एका गाडीत बसवलं. गाडी बोटीने व्लादिवोस्तोकला पाठवून तिथून ग्रीसपर्यंत जायचं हा बेत त्याचा आणि माझा. तो गेल्यावर मी एकटी निघणार होते. तेव्हा डल्सी बॅग घेऊन दारात आली आणि म्हणाली, "माझी निम्मी गाडी जाणार असेल तर मीही जाणार." मी म्हटलं, "मग मागच्या निम्म्यात बस." रशियात ती बरेच दिवस खरोखर मागेच बसली. सवत म्हणून हट्टाला माझ्या तोडीची निघाली.

या गाडीतला माझा निम्मा हिस्सा मी डल्सीला देते. डल्सी माझ्याआधी गेली तर गाडी तिच्या मुलाला, ब्रेंटनला मिळावी; अट एकच, त्याने बायकोला आणि सासूला घेऊन तिच्यात एक आठवडा काढावा.

३. शेजारी कीथ ट्रेलोअर यांनी आमच्या निरोपाच्या दिवशी साऱ्या गल्लीदेखत सांगितलं होतं की या दोघी बंदरावरूनच भांडून परत येतील. त्यांना मी मंगोलियातून आणलेल्या सुकवलेल्या दह्याच्या वड्यांचा डबा देते. वड्या दगडासारख्या आहेत. कीथची नवी कवळी त्यांना लाभो. माझं लाकूड घासायचं यंत्र त्यांच्याकडेच आहे. ते आता त्यांनीच ठेवावं, म्हणजे कोणाला परत मागायला जावं लागणार नाही.

४. टायरचा जॅक, फावडं, साखळ्या आणि पान्यांची पेटी डल्सीला. केस कापायची कात्री तिचीच आहे, ती माझ्या सामानात धरू नये. डल्सी शेजारच्या कडायना गावात न्हाविणीचं काम करायची. मंगोलियाच्या सीमेवर आमच्या गाडीचा एक कागद कमी पडला आणि अधिकाऱ्याने आम्हाला कडेला उभं केलं. मी भांडून घसा बसवून घेतला. डल्सीने कंटाळून रांगेतल्या एका ट्रकवाल्याचे केस कापायला घेतले. मग दुसरा आला, तिसरा आला, आणि शेवटी तो अधिकारीच टोपी काढून खुर्चीवर बसला. त्याचा एक कान मोकळा झाल्यावर डल्सी थांबली आणि कात्रीने माझ्याकडे, मग त्याच्या शिक्क्याकडे खूण केली. निम्म्या हजामतीत माणूस फार भांडत नाही. त्या दिवशी मी तिला पुढच्या सीटवर बसवलं.

५. घर. हे कलम ब्रेंटनने बसून वाचावं.

कझाकस्तानात, जिथे दिवसभर एकही झाड दिसत नाही अशा माळावर, माझं अपेंडिक्स फुटलं. डल्सीने आयुष्यात छोट्या मोटारीपेक्षा मोठं काही चालवलेलं नव्हतं आणि मीच तिला स्टिअरिंगला हात लावू देत नव्हते. ती मला पलंगाला चादरीने बांधून पुढे जाऊन बसली. तिला दुसऱ्या गिअरच्या पुढचं काही सापडेना, म्हणून ती तशीच, बोंबलणाऱ्या इंजिनावर, जिल्ह्याच्या गावापर्यंत गेली. मी मागून शिव्या देत होते. ती ओरडून सांगत होती, "दे, अजून दे, आवाज बंद झाला की मला भीती वाटते."

डॉक्टरीणबाई गुलनारा यांनी पोट फाडलं आणि मला वाचवलं. शुद्धीवर आले तेव्हा डल्सी उशाशी फोनवर होती. पलीकडे ब्रेंटन. खोली लहान आणि त्याचा आवाज मोठा, त्यामुळे सगळं ऐकू आलं. त्याचं म्हणणं होतं की मर्नाचं काय ते वकिलातवाले बघतील, आईने गाडी तिथेच विकावी आणि विमान पकडावं. मर्ना शेवटी आपली कोण लागते?

डल्सीने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "तुझा बाप मला सोडून गेला तेव्हा मी दारात उभी राहून पाहत होते. माणसाला सोडून जाणं किती सोपं असतं ते मला नको शिकवू, बाळ."

फोन ठेवून तिने मला सूप भरवलं. सूप भयंकर होतं. मी तसं सांगितलं, आणि ती रडायला लागली. मी मरत असताना रडली नव्हती.

पुढे जॉर्जिया आणि तुर्कस्तान तिनेच चालवलं. तिसरा गिअर काकेशसच्या उतारावर सापडला, चुकून. ग्रीसच्या किनाऱ्यावर गाडी लावून आम्ही दोघी पाण्यात पाय सोडून बसलो आणि क्लाइव्ह किती घोरायचा यावर आमचं प्रथमच एकमत झालं.

तर माझं वॉलरूचं घर डल्सीने मरेपर्यंत वापरावं. तिच्यानंतर ते विकून येईल ते समुद्रात अडकलेल्यांना ओढून आणणाऱ्या इथल्या स्वयंसेवकांना द्यावं. अनोळखी लोकांनी आम्हाला चिखलातून आणि नदीतून इतक्या वेळा ओढून काढलं आहे की ते कुठेतरी फेडायला हवं.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी मी ब्रेंटनला नेमते. दुसऱ्याच्या मालमत्तेवर त्याचं लक्ष बारीक असतं. तो वाईट नाही. त्याला कधी कोणी अनोळखी गावात सूप भरवलेलं नाही, एवढंच.

७. अंत्यविधीला पेस्टी, म्हणजे आपल्या मटण-बटाट्याच्या भाजलेल्या करंज्या, कीथच्या बायकोकडून मागवू नयेत. पाद्रीसाहेबांनी आटोपतं घ्यावं. बिअर थंड असावी.

८. कडायनाच्या स्मशानात क्लाइव्हशेजारची जागा माझ्या नावावर आहे. गेल्या महिन्यात मी ती डल्सीला देऊ केली, पहिला हक्क तिचा म्हणून. ती म्हणाली, "चौदा वर्षं झोपले त्याच्या शेजारी. पुरे झालं."

मी एकोणतीस वर्षं झोपले. मलाही पुरे झालं.

म्हणून ती जागा स्मशानाला परत केली आहे आणि कुंपणाजवळ, मिरीसारखी लाल फळं धरणाऱ्या झाडाखाली दोघींपुरती नवी घेतली आहे. दगडावर कोणाच्याही नावाखाली 'क्लाइव्हची पत्नी' असं कोरू नये. जी आधी जाईल तिने झाडाकडची बाजू घ्यावी. दुसरी फार उशीर लावणार नाही, असं डल्सीने सांगायला सांगितलं आहे.

हे सर्व मी वाचून, समजून, दोनदा हसून सही केली.

मर्ना जॉय पेंगेली

आम्हा दोघांसमोर मर्नाबाईंनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली. आम्हाला यात काही मिळत नाही, तशी खात्री करून घेतली आहे.

साक्षीदार: रोवेना हॉकिंग, औषधविक्रेती
साक्षीदार: मर्व्ह ट्रेनविथ, निवृत्त गोदी कामगार

(डल्सीला साक्षीला बसता येत नाही असं वकील म्हणाले. ती बाहेर गाडी सुरू ठेवून बसली आहे.)

वॉलरू, १४ मे २०२४