मणीचं पथ्य

२४ ऑगस्ट, रविवार

मणीला डॉक्टर भारतींकडे नेलं. वजन एकोणतीस किलो. डॉक्टर म्हणाल्या, गावठी कुत्र्याला हे वजन शोभत नाही, मागच्या पायांचे सांधे दुखतायत ते यामुळेच. दोन वेळा बेताचं जेवण, मध्ये काहीही नाही, सकाळी रस्ता तापायच्या आत फिरणं. मी सगळं लिहून घेतलं. त्या म्हणाल्या, एवढं लिहू नका अम्मा, फक्त कमी खायला द्या.

घरी आल्यावर मणी जिन्यात अर्ध्यावर बसला. अप्पा आणि सतीशअण्णा यांनी उचलून वर आणला. अप्पा धापा टाकत म्हणाले, दिवाळीपर्यंत वजन उतरलं नाही तर हा पापनाशमला जाणार. तिथे आमचा चुलतभाऊ मुरलीकृष्ण आहे, त्याचं घर बैठं, पुढे भाताची शेतं. अप्पांनी लगेच फोनही केला. मुरली म्हणाला, पाठवा की काका, उंदीर खूप झालेत, निदान त्यांच्याकडे बघत तरी बसेल.

मणी आजांचा कुत्रा. आजा गेले तेव्हा हा त्यांच्या खुर्चीखालून उठायला तयार नव्हता. मी त्याला कुठेही जाऊ देणार नाही. शिस्त हवी. या घरात ती माझ्याकडेच आहे.

२५ ऑगस्ट

वेळापत्रक तयार. फिरणं, जेवण, दात, नखं, कान, गोचीड, सगळं. लाल शाईत नियम: मणीला मधल्या वेळी कोणीही काहीही देऊ नये. फ्रिजवर लावलं. आई म्हणाली छान. अप्पा म्हणाले, अक्षर अगदी आजांसारखं वळणदार. फार बरं वाटलं.

२६ ऑगस्ट

आईनं मणीला अर्धी इडली दिली. मी फ्रिजकडे बोट दाखवलं. आई म्हणाली, बाळा, बघितलं ना काल, पण त्यात लिहिलंय काय?

घरात मराठी सगळे बोलतात, पण बाळबोध अक्षर मला एकटीलाच येतं हे लक्षातच राहिलं नाही. आजांनी शाळेच्या आधी मला घरी बसवून शिकवलं. अण्णालाही बसवायचे, तो पळून जायचा. अण्णा म्हणाला, तरीच! मला वाटलं कुठलं तरी स्तोत्र चिकटवलंयस, मी येता-जाता नमस्कार करतोय.

उद्या तमिळमध्ये लिहीन. (ही वही मात्र मराठीतच. सुरक्षित.)

२७ ऑगस्ट, पिळ्ळैयार चतुर्थी

पहाटे साडेपाचला फिरायला न्यायचं होतं. सणाचा दिवस, घरात गडबड, उठले सव्वासातला. डांबरावर हाताची मागची बाजू टेकवून बघायची, हाताला चटका तर पंजालाही चटका. बघितलं. कोमट होतं. धोका नको म्हणून परत आलो.

मोदकाचा नैवेद्य झाला. मणीला एक दिला. प्रसाद नाही म्हणायचा नसतो. प्रसाद म्हणजे जेवण नव्हे, त्यामुळे वेळापत्रक मोडलं असं म्हणता येणार नाही.

३० ऑगस्ट

दात घासले. म्हणजे सुरुवात केली. बोटाला कापड गुंडाळून हळूच आत न्यायचं, असं सांगतात. मणीनं बोट नव्हे, कापड गिळलं. अण्णानं ओढून काढलं. मणीला धक्का बसला असणार, म्हणून एक बिस्किट. हे बक्षीस. शिक्षणाचा भाग.

नखं उद्या.

३ सप्टेंबर

सांध्यांची गोळी सुरू. गोळी कडू. तूपभाताच्या लिंबाएवढ्या गोळ्यात लपवून दिली. त्यानं भात खाल्ला, गोळी जमिनीवर ठेवली. दुसऱ्या वेळीही तसंच. तिसऱ्या वेळी गेली. सकाळ-संध्याकाळ असं चालेल. हे औषध आहे.

आई म्हणाली, तूप महिना जेमतेम काढेल. मी म्हटलं, कुत्र्याच्या तब्येतीपुढे तूप काय! आईनं तुपाचा डबा वरच्या फळीवर ठेवला. स्टूल आहेच.

७ सप्टेंबर, रविवार

घरीच वजन केलं. पद्धत: मणीला उचलून काट्यावर उभं राहायचं, मग आपलं वजन वजा करायचं. दोघांचं मिळून अठ्ठ्याऐंशी. माझं बावन्न. म्हणजे मणी छत्तीस!

पंधरवड्यात सात किलो. डॉक्टर भारतींना फोन लावला. त्या म्हणाल्या, शक्यच नाही, पुन्हा करून बघा. अण्णानं विचारलं, तुझं बावन्न कुठून आणलंस? मी म्हटलं, बायोडेटातून. तो म्हणाला, तो कागद पुदुकोट्टैच्या मुलाकडच्यांसाठी आहे, काट्यासाठी नाही. एकटी उभी राहा बघू.

त्याची काही गरज नाही. काटा जुना आहे.

पण एक गोष्ट उघड आहे. कोणीतरी चोरून खायला घालतंय.

९ सप्टेंबर

संशयितांचा विचार केला. आई, सवयीनं. अप्पा, फिरायला जाताना खिशात हात असतो. ताराबाई अत्या, सगळ्यांत जास्त. अत्या समोरच्या घरात एकटी राहते. मणी रोज संध्याकाळी तिच्या ओट्यावर जातो आणि तोंड चाटत परत येतो.

दुपारी जेवताना चित्राहुती घातली. आजा रोज जेवणाआधी पानाशेजारी भाताची चार शितं ठेवायचे आणि जेवण झाल्यावर ती मणीला मिळायची. ते गेल्यापासून मी ठेवते, त्यांच्या वतीनं. अण्णा चिडवतो, मुली कधीपासून चित्राहुती घालायला लागल्या, शास्त्रीबुवा? आणि शितं चार असतात, तुझ्या मुठी आहेत.

माझा हात लहान आहे. मूठ म्हणजे कितीशी.

१४ सप्टेंबर, रविवार. आजांची महालय तिथी

मनाला फार लागलंय. सगळं लिहिते.

स्वयंपाक झाला, वैद्यनाथ शास्त्रींनी सगळं यथासांग केलं, आईनं कावळ्याचं पान गच्चीच्या कठड्यावर ठेवलं. कावळा शिवल्याशिवाय कोणी जेवायचं नाही. कावळा येईना. सगळे उन्हात उभे. अत्या का-का करून दमली. मुरलीसुद्धा पापनाशमहून आला होता, तोही ओरडला. एक कावळा शेजारच्या टाकीवर येऊन बसला, खाली बघितलं आणि थांबला.

खाली मणी होता. जो मणी जिन्यात अर्ध्यावर बसतो तो मागच्या दोन पायांवर उभा राहिला, पुढचे पंजे कठड्यावर टेकवले आणि पान साफ केलं. वडे, खीर, सगळं.

मुरली म्हणाला, सांधे दुखतात म्हणता ना याचे?

आई रडायच्या बेतात. मला तर वाटलं आजा उपाशी गेले, आणि ते माझ्यामुळे, कारण मणी माझी जबाबदारी. मी शास्त्रींना विचारलं, प्रायश्चित्त काय? ते भुकेले होते. म्हणाले, कावळ्याचा वाटा असतो तसा श्वानाचाही असतो, पोरी, त्यानं त्याचा घेतला. दुसरं पान वाढा, याला बांधा, मला चारला ओरत्तनाडुची बस आहे. दुसरं पान वाढलं, कावळा ताबडतोब आला. अत्या डोळे पुसत म्हणाली, बाबा असते तर आधी कुत्र्यालाच वाढलं असतं.

शास्त्रींचा शब्द मी नीट लक्षात ठेवला आहे. श्वानाचा वाटा असतो. पक्ष संपेपर्यंत रोज द्यायला हवा. लहानसा. पितरांचं काम आहे, इथे डॉक्टर भारतींना काय विचारायचं!

१६ सप्टेंबर

नखं राहिली. पाऊस होता.

फिरवलं. राजवाड्याच्या भिंतीपर्यंत गेलो. तिथे मणी बसला. मीही बसले. रिक्षानं आलो. तरी जाताना चाललोच.

२१ सप्टेंबर, रविवार

डॉक्टरांकडे. साडेतीस.

डॉक्टर भारतींनी चष्म्यावरून बघितलं. विचारलं, दिवसात काय काय खातो, सांगा. मी खरं तेच सांगितलं: दोन वेळा बेताचं जेवण. त्या म्हणाल्या, मग वाऱ्यावर फुगतो का? घरी येताच अप्पा मुरलीला फोनवर म्हणाले, दिवाळीनंतरच्या मंगळवारी गाडी घेऊन ये.

मंगळवार! मला जेवण गेलं नाही. माझं पान मणीनं संपवलं. टाकायचं कसं?

संध्याकाळी अत्याकडे गेले आणि तोंडावर विचारलं. काय घालतेस त्याला? अत्या आधी हसली. मग मी गंभीर आहे हे बघून तिचा चेहरा उतरला. म्हणाली, काकडी घालते. सालं काढून. तुझ्या आईनं पथ्य सांगितल्यापासून फक्त काकडी. मी म्हटलं, काकडीनं कोणी साडेतीस होत नाही. ती म्हणाली, बरं बाई, उद्यापासून तीही नाही, आणि मीही नाही तुमच्या दारात.

पाळत ठेवायला हवी. काकडी हा बहाणा असू शकतो.

२२ सप्टेंबर, नवरात्र सुरू

कोलूच्या, नवरात्रातल्या बाहुल्यांच्या, पायऱ्या मांडल्या. दरवर्षी दशावतार अत्या मांडते. ती आली नाही. मी मांडले, वराह आणि नरसिंह यांची अदलाबदल झाली. आई म्हणाली, जा, माफी माग. मी म्हटलं, तपास चालू आहे.

आज प्रसादाला चण्याचं सुंडल, खोबरं घातलेली उसळ. कडधान्य म्हणजे प्रोटीन, सांध्यांना चांगलंच.

२५ सप्टेंबर

सुंडल: वाटाणा. काल मूग. मणी आरतीच्या वेळी आपण होऊन माझ्याजवळ येऊन बसतो. दुसऱ्या कोणाकडे जात नाही. किती भक्ती! अण्णा म्हणाला, भक्ती कोणावर ते तुझ्या हाताकडे बघ.

अप्पांचे खिसे तपासले. फक्त चिल्लर आणि विबूती.

२७ सप्टेंबर

मला ताप. सांधे धरलेत. चिकनगुन्या म्हणतात. बोटं वळत नाहीत. मागच्या खोलीत ठेवलंय, दार बंद, कारण मणी येऊन अंगावर पडतो. मणीचं आता कसं होणार.

१ ऑक्टोबर, सरस्वती पूजा

वह्या-पुस्तकं पूजेला ठेवायची, आज लिहायचं नसतं. हे लिहिलेलं धरू नये.

४ ऑक्टोबर

दारातून ओरडून सूचना दिल्या. गोळी तुपात! आई म्हणाली, गोळी तो नुसती खातो, जिभेच्या मागे टाकली की झालं. विश्वास बसत नाही. आवाज ताणून म्हटलं, चित्राहुती! अण्णा म्हणाला, झोप.

८ ऑक्टोबर

घरात माझ्याशिवाय काहीच नियमानं होत नाहीये. दात कोणी घासत नाही. बक्षीस नाही. वेळापत्रक फ्रिजवरून पडलं तर कोणी उचललंसुद्धा नाही. मणी दाराबाहेर पडून असतो, फटीतून नाक दिसतं. खंगला असणार.

सांधे दुखतात म्हणजे काय ते आता समजतंय. जिना तर मीही चढू शकणार नाही. त्यानं तो कसा चढला असेल इतके दिवस.

१३ ऑक्टोबर

दार उघडलं. मणी धावत आला. धावत! मी आईला विचारलं, याला काय झालंय, हा असा अर्धा का दिसतो? आई म्हणाली, अर्धा नाही, कुत्र्याएवढा दिसतोय.

माझी पद्धत लागू पडायला वेळ घेते, हे मी पहिल्यापासून म्हणत होते.

१८ ऑक्टोबर, शनिवार

डॉक्टरांकडे. अप्पा, आई, अण्णा सगळे आले. काट्यावर मणी शांत उभा राहिला. मी डोळे मिटले होते.

साडेअठ्ठावीस!

मी तिथेच रडले. डॉक्टर भारती खूश. म्हणाल्या, सांगा, काय बदललंत गेल्या चार आठवड्यांत? मी माझी पद्धत समजावून सांगायला तयारच होते: वेळापत्रक, शिक्षण, शिस्त. मी म्हटलं, डॉक्टर, बदललं काहीच नाही, सगळं तेच होतं. अप्पा सावकाश म्हणाले, एक बदललं होतं. ही तापानं खोलीत होती.

अण्णानं छताकडे बघितलं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर काहीतरी खरडायला घेतलं आणि त्यांचे खांदे हलत होते. मी म्हटलं, योगायोग. मग मोदक आठवला. मग तूप. मग श्वानाचा वाटा, सुंडल, माझं पान. बराच वेळ आठवत राहिले. रिक्षात मणी माझ्या मांडीवर होता. खरंच हलका झालाय.

घरी अप्पांनी निकाल दिला. मणी इथेच राहणार. मुरलीला फोन झाला. तो म्हणाला, उंदीर हळहळतील. अट एकच: मी मणीला हातानं काहीही द्यायचं नाही. औषध, प्रसाद, पितर, काही नाही. अप्पा म्हणाले, फिरव, नखं काप, कान बघ. फक्त भरवू नकोस.

मग अत्याकडे गेले. माफी मागितली. ती म्हणाली, आत ये. ताटलीत काकडी होती, साल काढलेली. मणीसाठी रोज चिरत होती म्हणे, सवयीनं, आणि स्वतःच खात होती.

२० ऑक्टोबर, दीपावळी

पहाटेच तेल, आंघोळ, नवी साडी. अत्या आली, दिवाळीला चाटतात त्या सुंठ-गुळाच्या लेह्याची वाटी घेऊन. वराह आणि नरसिंह यांवरून अजून बोलते आहे.

नखं कापली. सगळी. मणीनं हू की चू केलं नाही. अप्पांनी भात दिला, तो खाल्ला, मग माझ्यासमोर येऊन बसला. मी दोन्ही हात उघडून दाखवले. त्यानं एक तळवा हुंगला, दुसरा हुंगला, आणि उठून अत्याकडे गेला.

बरं आहे. पथ्य असंच असतं.

आता गल्लीत माळ लागली आणि तो माझ्या खाटेखाली येऊन थरथरतोय. खिडक्या लावल्या, पंखा मोठा केला, तरी थरथरतोय. एक हात खाली सोडून त्याच्या पाठीवर ठेवलाय, म्हणून अक्षर असं. हातात काही नाही. तो बोटं चाटतोय, ती लेह्याची, माझं खाऊन झालं होतं. धुवायला वेळ मिळाला नाही.

लेह्य हे तसं औषधच.