ढगाची जिवाणी

९ सप्टेंबर, मंगळवार
...तेच तर कालपासून सांगतेय तुला, डायरीबाई, सॅटेलाइटला ढगाचं नुसतं टाळकं दिसतं! फोटोत लाल रंग म्हणजे माथा लई थंड, वादळ उंच. पण पोटात काय चाललंय — थेंब केवढे, बर्फ किती — ते बघायला प्लेननंच आत शिरावं लागतं. आणि तसलं प्लेन आपल्या बेळगावात, सांबऱ्याच्या विमानतळावर आलंय!

आमचे भीमरत्न सर म्हणाले, हवामानशास्त्राच्या एमएस्सीतल्या एकाला एका फेरीची सीट मिळेल. मी आधी हात वर केला, बाकीचं नंतर ऐकलं. सीट मला!! फक्त घरून हो पाहिजे.

१० सप्टेंबर
निपाणीला घरी फोन. आप्पा म्हणाले, तू राहतीस पद्मावती आत्तीकडं, ती व्हय म्हणाली तर माझं व्हय. एवढे मोठे झाले, थोरल्या बहिणीला अजून टरकतात.

११ सप्टेंबर
आत्ती विमानाला भीत न्हाय! तिचं भलतंच. ढगातलं पाणी बाटल्यांत भरून आणणार, एवढं मी बोलून गेले. झालं. आत्ती आडाचं पाणी फडक्यानं गाळून घेते, आणि फडक्यावर जे राहतं ते — जिवाणी — हळूच परत आडात सोडते. जिथला जीव तिथं. आमच्या जैनांत पूर्वीपासूनचं आहे, आता करतं कोण? आत्ती करते.

"मग ढगातले जीव परत कुठं सोडणार गं, निशा?"

मी म्हटलं, एवढ्या वर कुठले जीव! ती शेंगा सोलत बसली. म्हणजे न्हाय.

१२ सप्टेंबर
सरांना सांगितलं. हसले. मग म्हणाले, असतात की जीव, बॅक्टेरिया. काहींच्या भोवती बर्फ धरतो असं म्हणतात, तेच तर बघायचंय.

शहापूरच्या आमच्या गल्लीत शिरले ती पळतच. आत्तीला सांगितलं, तू बरोबर, मी चूक. तिला त्याचं काहीच न्हाय. "मग?" म्हणाली फक्त. शेवटी शब्द दिला — परत सोडायचं जमणार न्हाय, पण त्यातला एकबी जीव मी मारणार न्हाय.

"जा तर. आणि वर सूर्य जास्त वेळ दिसतो म्हणून डबा रेंगाळत खाऊ नकोस. आपला सूर्यास्त बेळगावचा, त्याच्या आत जेवायचं."

१५ सप्टेंबर, सोमवार
गेल्ते!!!

वादळाच्या मधोमध नेत न्हाईत, कडेकडेनं. तरी तीनदा सीटवरनं उडाले, पट्ट्यानं धरलं. पिरनवाडीवरनं वर चढलो, खाली घरांचे पत्रे चमकत होते, आणि एकदम — पांढरं. खिडकीत काहीच न्हाय. स्क्रीनवर थेंबांच्या सावल्या, गोल गोल गोल, मोहरीसारख्या. आणि मग एक काटेरी चांदणी! बर्फ! खाली बेळगावात पंखे चालू, अन् इथं बर्फ. मागं बसलेला इंजिनिअर पिशवीत तोंड घालून म्हणाला, मॅडम, तुम्ही हसताय कशाला?

उतरल्याबरोबर धावपट्टीशेजारीच चपाती-भाजी खाल्ली. सूर्य होता अजून. घरी आत्तीनं एकच विचारलं, ढगात वास कसला येतो. पेट्रोलचा, म्हटलं. लई नाराज झाली.

१६ सप्टेंबर
मान, पाठ, सगळं दुखतंय. खूश आहे.

२० सप्टेंबर
उगवले! बाटलीतला थेंब शेजारच्या मायक्रोबायोलॉजीत प्लेटवर सोडला होता, त्यावर ठिपके आलेत — गुलाबी, फिक्कट, मिठाईवरच्या साखरेसारखे. सात किलोमीटर वरून आलेले, जिवंत! सर म्हणाले, हाच तुझा प्रोजेक्ट. आत्तीला फोटो दाखवला. चष्मा लावून बघितला बराच वेळ. "बरे आहेत न्हवं?" म्हणाली. जणू पाव्हणे.

२२ सप्टेंबर
उद्या त्यातले अर्धे उकळायचे, सर म्हणाले. मेलेले अन् जिवंत दोन्ही गोठवून बघितल्याशिवाय बर्फ हे जीव धरतात का पाण्यातली धूळ, ते कळणारच न्हाय. दुसरी वाट न्हाय, मी दिवसभर शोधली. सीट मिळाली ती आत्तीला दिलेल्या शब्दावर. उद्या सरांना न्हाय म्हणू, का आत्तीला सगळं सांगून विचारू? तुला काय वाटतं?